तीन फेरे पाणी

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या मागं, जिगणीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अजून चार तुकडे मातीचे शिल्लक होते. त्यातल्या एका तुकड्यात दोन रोपवाटिका शेजारी शेजारी होत्या, मध्ये बोगनवेलीचं कुंपण, आणि दोघींत मिळून बोअर एक. अलीकडची रोपवाटिका कल्लाप्पा आणि भागुबाईची, पलीकडची नागराज आणि शिवलीलाची. जमीन दोघांनीही एकाच मालकाकडून कसायला घेतलेली. कल्लाप्पाचं गाव खानापूरकडं, नागराजचं चिकोडीकडं, म्हणजे दोन्ही घरं बोलायला मराठीच. भांडण मात्र कन्नडात करायची. त्यात जोर येतो म्हणे.

तीन फेजचा करंट सकाळी सहा ते दहा. सहा ते आठ पाणी भागुबाईचं, आठ ते दहा नागराजचं. बोअरच्या तोंडाशी दोन वॉल, दोन लोखंडी चाकं. रीत अशी, की ज्याची पाळी संपली त्यानं आपला वॉल आपल्या हातानं बंद करायचा, आणि ज्याची लागली त्यानं आपला उघडायचा. दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. ते दुसऱ्याच्या चुलीतलं लाकूड ओढण्यासारखं. चाक पूर्ण बंद व्हायला अकरा फेरे लागत. भागुबाई ते रोज मनात मोजायची.

एप्रिलच्या शेवटाला एका सोमवारी ती आठवर थांबली.

का थांबली, तर सहाशे गुलाबांसाठी. फेब्रुवारीत तिनं आणि कल्लाप्पानं कंबर मोडेपर्यंत वाकून सहाशे खुंटांवर डोळे भरले होते. खुंटाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा आत सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. भागुबाईची पद्धत अशी, की पट्टीची गाठ मारताना ओठातल्या ओठात म्हणायचं, प्रभू, हा जगू दे. सहाशे गाठी, सहाशे प्रार्थना. कल्लाप्पा म्हणायचा, सगळ्यांची मिळून एकदाच म्हण की, देव काय बहिरा आहे? ती म्हणायची, तुम्ही वर्षाचं जेवण एकदाच जेवता का. आता त्या डोळ्यांतून बोटबोटभर लाल कोंब फुटले होते, आणि नेमकं बोअरचं पाणी उतरलं. दोन तासांत भरणारी टाकी निम्म्यावर राहायला लागली. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारतींवर आपटून ऊन आपल्याकडंच येतं, असं कल्लाप्पाचं मत होतं. ते खरं असो नसो, दुपारी दोनला शेडनेटखालीसुद्धा कोंब माना टाकायचे.

तर त्या सोमवारी आठ वाजता तिनं चाक फिरवलं, आठ फेरे मोजले आणि हात काढून घेतला.  तीन फेरे काय ते, असं वाटलं तिला. तिची टाकी जमिनीत पुरलेली, वरून पोती टाकलेली. तिच्यात गुपचूप पडणारं पाणी कुणाला दिसायचं कारण नव्हतं. मंगळवारी आठ, बुधवारी आठ. शुक्रवारपर्यंत आठच.

पलीकडं शेवंतीच्या रोपांचे ट्रे होते. त्यांना पाणी घालायचं काम शिवलीलाचं. पस्तिशीची बाई, उंच, पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून अशी बारीक फुई मारायची की एका रोपाचं पान वाकत नसे. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. बुधवारपासून तिच्या पाइपाला धार येईना. गुरुवारी चार ट्रे वाळून गेले. नागराज आला, त्यानं ट्रे बघितले. तिथं आठ बायका पिशव्या भरत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तो बायकोला म्हणाला की पाइप दुमडून गप्पा ठोकत बसतेस, ही रोपं तुझ्या तोंडानं मारली, उद्यापासून पाण्याला हात लावायचा नाही. शिवलीलानं पाइप खाली ठेवला, पदर खोचला आणि त्या बायकांच्या ओळीत शेवटी बसून पिशवीत लाल माती भरायला लागली.

कुंपणाच्या अलीकडून भागुबाईनं सगळं ऐकलं. त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं. बोलली नाही. झारीनं कोंबांना पाणी घालत राहिली, आणि त्या दिवशी एकेका रोपाला जरा जास्तच घातलं.

शुक्रवारी नागराजनं स्वतः पाइप धरला. धार करंगळीएवढीच. म्हणजे बायकोची चूक नव्हती हे त्याला कळलं असणारच, पण चूक झाली म्हणायची रीत त्याच्या घराण्यात नव्हती. त्यानं दोष पंपाला दिला आणि शनिवारी पंपवाल्याला बोलावलं.

सहाशे फुटांवरचा पंप वर काढणं म्हणजे खेळ नव्हे. पंपवाला गाडी आणि कप्पी घेऊन आला, पण गाडीवरचं यंत्र अर्ध्यात अडून बसलं, आणि पुढचे पाइप माणसांनी दोर ओढून काढायचे ठरले. शेजारधर्म म्हणून कल्लाप्पा गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोक्याला टॉवेल बांधून भर उन्हात दोराला लागला. एकेक वीस फुटी पाइप वर यायचा, चिमटा लावायचा, सोडवायचा, बाजूला ठेवायचा. हातांना फोड आले. दुपारी चारला पंप बाहेर आला. पंपवाल्यानं तो उलटा केला, सुलटा केला, फिरवून बघितला. पंपाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मग तो म्हणाला, पाणी खाली गेलंय, दोन पाइप जादा सोडू. पुन्हा सगळं खाली सोडलं. त्यात कल्लाप्पाचा उजवा खांदा गेला. हात वर उचलेना.

आणि भागुबाई? ती चहा घेऊन गेली होती. सगळे पंपाभोवती कोंडाळं करून वाकलेले असताना ती वॉलपाशी थांबली आणि उरलेले तीन फेरे फिरवून टाकले. संध्याकाळी पंपवाल्याच्या जनरेटरवर चाचणी घेतली तर नागराजकडं मनगटाएवढी धार. पंपवाल्यानं मिशीवर हात फिरवला. दोन पाइपांची कमाल, म्हणाला.

रविवारी भागुबाई एकटीच उपासनेला गेली. हेब्बगोडीला हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल भाड्यानं घेतलेला, तिथं मराठी ख्रिस्ती मंडळी जमायची. खानापूर, निपाणी, मिरजेकडची तीस-पस्तीस माणसं, बहुतेक कारखान्यांतली, दोन-चार कुटुंबं शहरातल्या एचएसआर लेआउटमधली शिकलेली. पाळक, म्हणजे उपासना चालवणारे, भगवंतराव सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. बोलायला गोड, पण एकदा उदाहरण द्यायला लागले की घड्याळाचंही भान राहायचं नाही. त्यांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, तेव्हा ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं ते आठवड्यात सरळ करून यावं. दर महिन्याला ते हेच सांगायचे. भागुबाई दर महिन्याला मान डोलवायची. या वेळी मान हलली नाही.

कारण प्रभुभोजनात प्रभूच्या आठवणीनं सगळे मोडून खातात ती भाकर भागुबाई करायची. सहा वर्षं झाली. शनिवारी दुपारी गव्हाचं पीठ मळून जाडसर बेखमीर, म्हणजे न फुगवलेली, भाकर तव्यावर भाजायची आणि काळे मनुके उकळून त्याचा रस गाळायचा. मंडळीत कुणाला मोठेपणाची कामं, कुणाला पेटीवर बसायचं काम. तिला हे. लिहिता-वाचता बेताचं येणाऱ्या बाईला त्या एका कामानं मंडळीत जागा दिली होती. आणि आता तिला स्वतःचेच हात बघवेनात. या हातांनी चाक सोडलं, आणि हेच हात पुढच्या शनिवारी पिठात घालायचे.

परतीच्या वाटेवर तिनं तोड काढली. सांगायचं कशाला? पाणी घेतलंय तर पाणी परत करावं. हिशेब देवाला कळतो.

सोमवारी साडेसातलाच तिनं आपला वॉल बंद केला, अकरा फेरे, आणि पलीकडं हाक मारून सांगितलं की आजपासून अर्धा तास तुम्ही घ्या, तुमची रोपं वाळलीत, आमचं भागतंय. नागराज दोन मिनिटं तिच्याकडं बघत राहिला. भर उन्हाळ्यात पाणी सोडणारं माणूस त्यानं बघितलं नव्हतं. मंगळवारीही तिनं तसंच केलं. बुधवारी सकाळी नागराज शहाळी घेऊन आला आणि कामाच्या आठ बायकांसमोर म्हणाला, "अक्का, तुमचा देव कोणता का असेना, माणूस असावं तर असं. आमच्या घरात शिकायला पाहिजे कुणीतरी." शेवटचं वाक्य त्यानं शिवलीलाकडं बघून म्हटलं. ती माती भरत होती. मान वर केली नाही.

भागुबाईनं शहाळं तसंच खाली ठेवलं. आता चोरीसुद्धा बरी म्हणायची वेळ आली होती. चोरी तरी गुपचूप होती. हे कौतुक चव्हाट्यावर, आणि त्याचा मार परत त्याच बाईला.

एवढ्यावर भागलं नाही. कल्लाप्पाला बायकोचा अभिमान वाटला. खांदा दुखत असताना त्यानं डाव्या हातानं फोन लावून भगवंतरावांना सगळं सांगितलं. बुधवारी संध्याकाळी एचएसआरमध्ये एका घरी प्रार्थनासभा होती. थंडगार फरशी, काचेच्या पेल्यात सरबत. भगवंतरावांनी उभं राहून सांगितलं की आपल्यात एक बहीण आहे, नाव घेत नाही, पण या दुष्काळात तिनं आपल्या तोंडचं पाणी शेजाऱ्याला दिलं. नाव घेतलं नाही खरं, पण बोलताना पाच वेळा तिच्याकडं बघितलं. सगळ्या बायका वळून हसल्या. एक शिकलेली बाई येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणाली, हाऊ ब्यूटिफुल, मावशी. भागुबाईला वाटलं, ही चकचकीत फरशी आत्ता फाटावी आणि आपल्याला थेट आपल्या टाकीत नेऊन टाकावं.

गुरुवारी दिवेलागणीला ती कल्लाप्पाच्या खांद्याला तेल लावत बसली होती. मोहरीचं तेल, त्यात लसूण कडकडवलेला. पत्र्याची खोली दिवसभराची तापलेली. तो पालथा पडून कण्हत होता आणि पंपवाल्याला शिव्या देत होता, की पंप चांगला होता, उगाच काढला. तिचे हात थांबले.

"पंप चांगलाच होता," ती म्हणाली. "पाणी मी घेत होते. आपला वॉल पाच दिवस तीन फेरे ढिला ठेवला होता."

 बाहेर पाळीची शिट्टी झाली, कारखान्यातली माणसं सुटली, त्यांच्या सायकली, त्यांची बोलणी कुंपणाबाहेरून निघून गेली. कल्लाप्पा उशीत तोंड खुपसून तसाच पडला होता. भागुबाईला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं, शिवलीलाचं, शहाळ्याचं, भगवंतरावांच्या उदाहरणाचं. म्हणाली की शनिवारी भाकर करायला माझा हात धजत नाही, आणि सांगायला गेले तर नागराज मालकापर्यंत जाईल, पाण्याची पाळीच काढून घेतील, मग सहाशे गुलाब आणि आपण दोघं कुठं जायचं?

"थांबलीस का?" कल्लाप्पा उशीतूनच म्हणाला. "दाब की. आता तर जोरातच दाबायला पाहिजेस."

तिनं दाबलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला त्या पहिल्या सोमवारीच सांगितलं असतंस तर मीही लपवलं असतं, भागू. चौथा फेरा मीच ढिला केला असता. बरं झालं सांगितलं नाहीस." मग तोंड तिच्याकडं वळवून म्हणाला, "जा सांगून ये. पाळी गेली तर टँकरनं जगवू. नाहीतर मेलीच रोपं तर पुन्हा डोळे भरू. डावा हात आहे अजून."

अशा नवऱ्याला काय करावं? तिला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू आलं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुटीत बायका झाडाखाली गेल्या, तेव्हा भागुबाई कुंपण ओलांडून गेली. शिवलीला एकटीच मातीच्या ढिगापाशी होती. लाल माती, शेणखत, नारळाचा भुसा, फावड्यानं एकत्र करत होती. भागुबाई तिच्यासमोर उकिडवी बसली, एक पिशवी उचलून भरायला लागली, आणि माती भरता भरता सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. दिलेलं अर्धा तास पाणी तुझंच होतं, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्यावर बोलणं आलं ते माझ्यामुळं. मला माफ कर."

शिवलीलानं फावडं थांबवलं नाही. ढीग एका अंगाचा दुसऱ्या अंगाला केला. कपाळावरचा घाम कोपरानं पुसला. मग म्हणाली, "इथं कोण हाय ऐकायला?"

"कुणी नाही," भागुबाई म्हणाली.

"त्यांनी मला आठ बायकांसमोर बोललं. शहाळी दिली ती पण आठ बायकांसमोर. आणि तू माफी मागायलीस मातीच्या ढिगाला." तिचा आवाज चढला नव्हता. "मला एकटीला गाठून तोंड पाडून सांगितल्यानं काय होतंय, अक्का? त्या बायका अजून मला पाइप दुमडणारी म्हणत्यात. उद्या साडेसातला बोअरपाशी सांग. सगळ्यांसमोर. मग बघू माफीचं."

भागुबाईला वाटलं होतं, शिवलीला शिव्या देईल नाहीतर गळ्यात पडेल. दोन्हींची तिनं तयारी केली होती. याची केली नव्हती. ती सरी, म्हणजे बरं, म्हणाली आणि उठली. तिच्या हातातली पिशवी अर्धीच भरलेली होती. शिवलीलानं ती घेतली आणि पुरी भरली.

शनिवारी साडेसातला बोअरपाशी कामाच्या आठही बायका डबे घेऊन उभ्या होत्या, कारण हजेरी तिथंच व्हायची. नागराज कानाला मोबाइल लावून होता. कल्लाप्पा उजवा हात उपरण्यात अडकवून बायकोच्या मागं येऊन उभा राहिला. भागुबाईनं आपलं चाक फिरवलं. या वेळी फेरे मोठ्यानं मोजले. एक, दोन, तीन. बायका बघायला लागल्या. आठवर ती थांबली.

"नागराज, मागच्या आठवड्यात मी पाच दिवस इथं थांबत होते," ती म्हणाली. "तुमचं पाणी माझ्या टाकीत गेलं. पंपाला काही झालं नव्हतं. शिवलीलानं पाइप दुमडला नव्हता. चोरी माझी, आणि बोलणी तिनं खाल्ली. अर्धा तास दिलं ते तुमचंच होतं." मग तिनं उरलेले तीन फेरे फिरवले आणि पदरानं हात पुसले. 

नागराजचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. तो कन्नडात सुरू झाला. सगळं काढलं. रविवारची तुमची गाणी, तुमची प्रार्थना, तोंडात देव आणि हातात दुसऱ्याचं पाणी. पंपवाल्याचा दिवस, वाळलेले ट्रे, त्याची शहाळीसुद्धा काढली. मालकाला आत्ता फोन लावतो म्हणाला. भागुबाईनं सगळं ऐकून घेतलं. त्यात खोटं एकही नव्हतं. कल्लाप्पा मध्ये पडला नाही, फक्त एक पाऊल पुढं येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

नागराजनं फोन काढलाही. तेवढ्यात त्या आठ बायकांतली सर्वांत म्हातारी डब्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाली की मग अण्णा, शिवलीलाक्कानं पाइप दुमडला नव्हता म्हणायचं. बाकीच्या बायका नागराजकडं बघायला लागल्या.  सगळ्या नुसत्या बघत राहिल्या.

नागराजचा अंगठा फोनवर तसाच राहिला. त्यानं बायकोकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, आणि मान खाली घालायचं नाव नव्हतं. चूक झाली म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती, हे वर सांगितलंच. ती रीत त्या दिवशीही पडली नाही. पण त्यानं फोन खिशात टाकला, पान्हा घेतला, खाली बसला आणि दोन्ही वॉलची चाकं सोडवून काढली. हातात घेऊन उठला. ती त्यानं शिवलीलाच्या हातात दिली.

"आजपासून दोन्हीकडचं पाणी ही सोडंल आणि ही बंद करंल," तो म्हणाला. "कुणाला काय बोलायचं असलं तर हिच्याशी." आणि ट्रे बघायला निघून गेला, भराभर, मागं न बघता.

शिवलीलानं चाकांचं वजन हातात तोललं. बायकांच्या ओळीत पुन्हा बसायचं नाही हे तिला कळलं, आणि तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की भागुबाईला स्वतःची लाज क्षणभर विसरायला झाली. पण शिवलीला लगेच भागुबाईकडं वळली. म्हणाली, मे संपेपर्यंत तुझं पाणी साडेसातला बंद. मिनिटभरसुद्धा जास्त नाही. भागुबाई सरी म्हणाली.

त्या दुपारी भागुबाईनं भाकर केली. पत्रा तापलेला, चुलीची धग वेगळी, घाम नाकाच्या शेंड्यावरून ओघळत होता. कल्लाप्पा दारात बसून डाव्या हातानं मनुके निवडत होता आणि दहातला एक तोंडात टाकत होता. तिनं परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागली. हात पिठात गेले आणि रमले. कितीतरी दिवसांनी तिला गाणं सुचलं. लाज होती, ती काही एका दिवसात जात नाही. अर्ध्या तासाचं पाणीही गेलं होतं, आणि कडेच्या ओळीतले पन्नास-साठ गुलाब जाणार हेही दिसत होतं. तरी मन असं हलकं, की भाकर भाजताना ती दोनदा मोठ्यानं हसली. कल्लाप्पानं विचारलं काय झालं. काही नाही म्हणाली, आणि काही नव्हतंच.

रविवारी साडेसातला शिवलीलानं तिचा वॉल बंद केला. घड्याळ बघून. भागुबाई झाऱ्या भरायला वळली, तर शिवलीला तिथंच उभी. आता त्या घरचं रविवारचं असं होतं, की वॉल बंद झाला तरी टाकीतलं पाणी झारीनं गुलाबांना घालायला दोन-अडीच तास जायचे, म्हणून नवरा-बायकोत एकानं उपासनेला जायचं आणि एकानं झारी धरायची. चार वर्षं दोघं मिळून कधी गेली नव्हती. शिवलीला म्हणाली, "दोघं जावा. घालतो मी तुझ्या गुलाबांना. नवऱ्याचा हात मोडून ठेवलायस, तो काय घालतोय." चिकोडीकडं बायका बापयांसारखंच घालतो, जातो म्हणतात.

भागुबाईनं झारी तिच्या हातात दिली. तिनं डबा घेतला, कल्लाप्पाला धुतलेला सदरा घातला. उजवी बाही चढवताना तो ओरडला. दोघं हेब्बगोडीच्या बसला लागली.

हॉलमध्ये भगवंतरावांनी विचारलं की कुणाला काही सांगायचं आहे का. दर महिन्याला विचारायचे, दर महिन्याला सगळे गप्प. भागुबाई उभी राहिली. म्हणाली की पाळकसाहेब, बुधवारी तुम्ही सांगितलंत ते पाणी मी दिलं नव्हतं, चोरलेलं परत केलं होतं. मंडळीत कुणीतरी खोकलं. भगवंतराव चष्मा काढून पुसत राहिले. त्यांनी ते उदाहरण आणखी दोन घरांत सांगितलं होतं. शेवटी म्हणाले, "बहीण, बसा. त्या दोन घरी आता मलाही जावं लागणार." मग त्यांनी तिनं केलेली भाकर उचलली, प्रार्थना केली आणि मोडली. थाळी फिरत फिरत आली. कल्लाप्पानं डाव्या हातानं तुकडा घेतला, तिनं उजव्या. दोघांनी एकदमच तोंडात घातला. जरा कडक झालीय, कल्लाप्पा कुजबुजला. खावा गप, ती म्हणाली.

एक वाजता परत आली तर सहाशेच्या सहाशे पिशव्या ओल्या होत्या. कडेच्या ओळीतले सुकलेलेसुद्धा. एका पानावर मातीचा शिंतोडा नव्हता. शिवलीला शेडनेटच्या सावलीत पाय पसरून बसली होती, झारी शेजारी. भागुबाई तिच्याजवळ जाऊन टेकली. बराच वेळ दोघी कोंबांकडं बघत बसल्या. कडेची ओळ अर्धा तास कमी पाण्यावर जगणार नाही, हे दोघींना कळत होतं.

"तू मागच्या महिन्यात पाणी मागितलं असतंस ना अक्का, तर मी दिलं नसतं," शिवलीला म्हणाली. "खरं सांगतो. नसतंच दिलं."

"माहीत होतं," भागुबाई म्हणाली.

"आता मागून बघ."

 वॉल ढिला ठेवताना भागुबाईला काही वाटलं नव्हतं. आठ बायकांसमोरही ती बोलली होती. पण आयुष्यात देवाशिवाय कुणाकडं तिनं काही मागितलं नव्हतं, आणि हे सर्वांत जड गेलं. कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच्या गुलाबाकडं बघत ती म्हणाली, "शिवलीला, स्वल्प पाणी दे गं. दहा मिनिटं."

शिवलीलानं विचार केला. खराच विचार केला, उगाच नाही.

"पाच," ती म्हणाली, आणि साडी झटकत उठली. "उद्या सात पस्तीसला बंद करतो."